इलेक्ट्रॉनला म्हणे कळतं आपण बघतोय ते?

रात्रीचा_वाचक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसताच वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तेव्हा चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. शिक्षण कॉमर्सचं, फिजिक्सशी संबंध दहावीनंतर संपला तो संपलाच. पण गेले दोन-तीन आठवडे डोक्यात भुंगा लागलाय.

झालं असं की मामेभावाने एक व्हिडिओ पाठवला, त्यात ते दोन फटींचं प्रकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडत राहिलं की पलीकडच्या पडद्यावर लहरींसारखे पट्टे उमटतात आणि कुठल्या फटीतून गेला हे बघायला गेलं की पट्टे गायब आणि तो शहाण्यासारखा कण होऊन जातो. फटींशेजारी एक भलामोठा डोळा काढला होता, तो उघडला की पट्टे जातात आणि मिटला की येतात. आणि शेवटी निवेदक म्हणतो की म्हणजे वास्तव आपल्या जाणिवेतूनच तयार होतं. मामेभाऊ तर त्याच्याही पुढे, मनात धराल ते घडेल, सायन्सनेच सिद्ध केलंय, आता तू कशाला वाद घालतोस.

मला वाद घालायचा नाही, मला फक्त समजत नाही. समजा फटीपाशी कॅमेरा लावला, रेकॉर्डिंग झालं आणि कोणीच न बघता ते पुसून टाकलं, तर पट्टे येणार का नाही? मांजर बघत असेल तर? आणि मी बघितलं पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तर माझं बघणं धरणार का? हसू नका, खरंच विचारतोय. आणि माणूस यायच्या आधी कोट्यवधी वर्षं तारे काय आपली वाट बघत थांबले होते का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. एकेक फोटॉन टाकला तरी चालेल.

निवांत_७

मांजरीचा प्रश्न काढलात, आता धागा शंभरी गाठणार. ती श्रोडिंजरची मांजर, क्वांटमच्या गणिताने एकाच वेळी जिवंतही आणि मेलेलीही ठरणारी, १९३५ पासून त्या डब्यात बसून आहे, कोणी तिला बाहेर काढेना. आणि श्रोडिंजरने ती डब्यात घातली ती असं म्हणायला की बघा तुमचं गणित सरळ लावलं तर काय वेडेपणा होतो, पण लोकांनी तोच वेडेपणा टीशर्टवर छापला.

बाकी फोटॉनताई येईपर्यंत मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. (ह. घ्या.)

फोटॉनवाली

आले बाबा. वाचकराव, तुमचे प्रश्न अजिबात हसण्यासारखे नाहीत, मांजरीचा सोडून.

आधी तो डोळा पुसून टाका डोक्यातून. मी काही वर्षं ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये काढलीयेत, तिथे ‘बघणे’ हा शब्द आम्ही वापरतो तो निव्वळ आळसाने. खरं काय होतं ते सांगते. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे कळायचं असेल तर त्याने वाटेत कशावर तरी खूण ठेवली पाहिजे, एखादा फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण त्याला आपटून गेला, एखादा अणू हलला, काहीतरी. ती खूण पडली की पट्टे जातात. ती खूण नंतर कोणी वाचली का नाही याचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर: पट्टे येणार नाहीत. फाइल पुसली तरी नाहीत, कारण फाइल पुसल्याने खूण पुसली जात नाही, तोवर ती कॅमेऱ्याच्या सर्किटमध्ये, उष्णतेत, आजूबाजूच्या हवेत अशी लाखो ठिकाणी सांडलेली असते आणि सांडलेलं ते सगळं कोण गोळा करणार.

यावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रयोग सांगते, व्हिडिओवाले तो कधीच दाखवत नाहीत कारण त्यात डोळा काढायला जागा नाही. व्हिएन्नात झायलिंगर आणि आर्न्ट यांच्या गटाने १९९९ मध्ये फुलरीन म्हणजे ६० कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूंचे पट्टे मिळवले होते. मग २००४ मध्ये ७० अणूंवाले रेणू घेऊन ते लेसरने तापवत नेले, पार दोन-तीन हजार केल्विनपर्यंत. तापलेला लोखंडाचा गोळा लाल होऊन प्रकाश टाकतो ना, तसा एवढा तापलेला रेणू स्वतःच उडता उडता फोटॉन टाकायला लागतो. आणि प्रत्येक फोटॉन जाताना ‘मी इथून निघालो’ एवढी बातमी घेऊन जातो. जसजसं तापमान वाढलं तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी गेलेच. ते फोटॉन कोणी पकडले नाहीत, कोणी बघितले नाहीत, चेंबरच्या भिंतीत जाऊन विरले. तरी पट्टे गेले. आणि हळूहळू गेले हे महत्त्वाचं, एकदम डोळा उघडल्यासारखे नाही. जेवढी बातमी बाहेर, तेवढे पट्टे फिके. याला डिकोहिरन्स म्हणतात.

घरी करून बघायचं असेल तर तेही होतं. एक लेसर पॉइंटर घ्या (डोळ्यात जाऊ देऊ नका, हे सगळ्यात आधी), त्याच्या समोर एक अगदी पातळ तार उभी धरा, तारेच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश जाऊन भिंतीवर पट्टे दिसतील. आता पोलरॉइड फिल्मचे (एकाच दिशेत हलणारा प्रकाश जाऊ देते ती, त्या दिशेला तिचा अक्ष म्हणायचं) दोन तुकडे, जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर असते ती चालते, एक तारेच्या डावीकडे आणि एक उजवीकडे लावा, पण एकीचा अक्ष उभा आणि दुसरीचा आडवा. पट्टे गेले! कारण आता डावीकडचा प्रकाश उभी खूण घेऊन आलाय आणि उजवीकडचा आडवी. मग भिंतीच्या आधी तिसरी फिल्म ४५ अंशात धरा, उभं-आडवं हा फरकच मिटला, पट्टे परत. खोलीत तुम्ही तेच, डोळे तेच, जाणीव तीच, बदलली फक्त फिल्म. आता कोणी म्हणेल की हे तर साध्या लाटांच्या गणिताने पण सुटतं, हो सुटतं, पण प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन जाईल तरी ठिपके जमून जमून हेच चित्र तयार होतं.

अवांतर: इलेक्ट्रॉन एकेक सोडून पट्टे जमताना दाखवणारा जो प्रसिद्ध जपानी प्रयोग आहे, तोनोमुरांचा, १९८९ चा, त्यात खऱ्या फटी नव्हत्याच, इलेक्ट्रॉन बायप्रिझम होता, म्हणजे विद्युतभार दिलेली बारीक तार, जिच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉनची वाट जाते. पण ‘बायप्रिझमचं रहस्य’ म्हटलं तर व्हिडिओ कोण बघणार.

संकल्पसिद्धी

फोटॉनवाली यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण एकांगी वाटला. तुम्ही लोक नेहमी जाणिवेला बाजूला काढता. व्हॉन नॉयमन, विग्नर हे काय यूट्यूबर होते का? विग्नरला नोबेल होतं आणि तो सरळ म्हणत होता की जाणिवेशिवाय क्वांटम मेकॅनिक्स पूर्ण होत नाही. पेनरोजलाही नोबेल आहे आणि तो मेंदूतल्या मायक्रोट्यूब्यूल्समध्ये, म्हणजे पेशींतल्या सूक्ष्म नळ्यांमध्ये, क्वांटम प्रक्रिया चालतात म्हणतो. आणि २०२२ चं नोबेल तर ज्या कामाला मिळालं त्याने विश्व खरं नाही हेच सिद्ध झालं, सगळीकडे बातम्या होत्या. आईनस्टाईन विचारत होता ना की मी बघत नसताना चंद्र असतो का, तर आता उत्तर मिळालं की नसतो. मन मोकळं ठेवा एवढंच.

फोटॉनवाली

संकल्पजी, मन मोकळंच आहे, फक्त दार लावून ठेवलंय, वारा फार येतो.

२०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं ते एन्टँगलमेंटच्या, म्हणजे लांब गेलेल्या दोन कणांचे निकाल एकमेकांशी जोडलेले राहण्याच्या, प्रयोगांसाठी. बेलने १९६४ मध्ये एक गणिती मर्यादा काढून दाखवली, की दोन लांबच्या कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि इथल्या मोजण्याचा परिणाम तिथे प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नसेल, तर दोन्हीकडच्या निकालांचा मेळ अमुक इतकाच बसू शकतो. निसर्गात तो मेळ त्याहून जास्त बसतो. म्हणजे या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. ‘विश्व खरं नाही’ ही बातमीवाल्यांची भर. जाणीव त्या गणितात कुठेच येत नाही.

आणि प्रयोगात तर त्याहून नाही. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर दोन बाजू ठेवून जो प्रयोग झाला त्यात काय मोजायचं हे यंत्रं ठरवत होती, रँडम आकडे काढून, माणसं निवांत. मग कोणीतरी म्हणालंच की अहो पण यंत्रांनी निवड केली, माणसांनी केली तर? तेही झालं! ३० नोव्हेंबर २०१६ ला जगभरातल्या एक लाखाच्या आसपास लोकांनी एका ऑनलाइन गेममध्ये शून्य-एक, शून्य-एक बडवले आणि ते आकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांना जाऊन तिथली उपकरणं त्यावर चालली. लाखभर जागृत मनं कामाला लावली आणि निकाल काय, तोच जो यंत्रांनी दिला होता.

पेनरोजबद्दल: नोबेल २०२० चं, आणि ते कृष्णविवरांसाठी. पण मुख्य घोटाळा असा की तुम्ही त्यांचा बाण उलटा लावताय. पेनरोज म्हणतात कोलॅप्स, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरणं, आपोआप होतो, गुरुत्वाकर्षणामुळे, आणि त्या कोलॅप्समधून जाणीव निर्माण होते. जाणिवेमुळे कोलॅप्स होतो असं नाही. तो बाणही लागलाय असं नाही म्हणा, टेगमार्कने २००० साली हिशोब केला की मेंदूच्या उबेत असली सुपरपोझिशन (अनेक शक्यता एकत्र असण्याची अवस्था) १० च्या उणे १३ व्या घाताएवढे सेकंद किंवा त्याहून कमी टिकेल आणि न्यूरॉनचं काम चालतं हजारांश सेकंदात. पेनरोजांचे साथीदार हॅमेरॉफ आणि मंडळींनी २००२ मध्ये उलट हिशोब मांडून वेळ बरीच वाढवून दाखवली, तो वाद चालू आहे. पण निदान वाद आकड्यांत चालू आहे ते मला बरं वाटतं. गुरुत्वाकर्षणाने कोलॅप्सची जी डिओसी-पेनरोज कल्पना आहे तिचं सर्वात साधं रूप तर इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत तपासून बादही झालं.

जुना_पिंपळ

उशीर झाला, पण धागा बघून राहवेना. फोटॉनताईंचं बहुतेक सगळं मान्य. पण एका ठिकाणी त्या घाईने पुढे गेल्या असं मला वाटतं आणि वाचकरावांच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे.

डिकोहिरन्सने पट्टे का जातात ते सुटतं. पण पट्टे गेल्यावर गणितात उरतं काय? उरतात दोन्ही शक्यता, एकमेकींशी बोलणं बंद केलेल्या. ‘डावीकडून’ आणि ‘उजवीकडून’, दोन्ही. आपल्याला मात्र दर वेळी एकच दिसतं. दोहोंतून एक का आणि केव्हा, हे डिकोहिरन्स सांगत नाही. भावकीत अबोला झाला म्हणून घरातला एक भाऊ नाहीसा होत नाही.

व्हॉन नॉयमनने १९३२ मध्ये हेच दाखवलं. कण, मग उपकरण, मग त्याचा काटा, मग डोळ्याचा पडदा, मग मेंदू, ही साखळी कुठेही तोडा, भाकीत तेच येतं. म्हणजे गणित स्वतः सांगत नाही की कुठे तोडायची. १९३९ मध्ये लंडन आणि बाउर यांनी आणि १९६१ मध्ये विग्नरने ती पार शेवटच्या कडीला, जाणिवेला नेऊन तोडली, कारण तिथे पोचल्यावर पुढे कडीच नाही. हा वेडेपणा नव्हता, विचाराचं एक टोक होतं. फक्त संकल्पजी, विग्नर पुढे स्वतःच त्या मतापासून मागे फिरला आणि फिरायला कारण झालं ते झे नावाच्या जर्मन भौतिकीवाल्याचं काम, म्हणजे १९७० मध्ये ज्याने डिकोहिरन्सचा पाया घातला तोच. हे अर्धं वाक्य व्हिडिओत कधी येत नाही.

वाचकरावांनी ताऱ्यांचं विचारलंय तो प्रश्न बेलनेही विचारला होता आणि फार खवचटपणे विचारला होता, की विश्व अब्जावधी वर्षं कोलॅप्स व्हायला कोणाची वाट बघत थांबलं होतं, पहिल्या एकपेशीय जीवाची, का त्याहून थोडं पुढे, पीएचडी झालेल्या कोणाची? तेव्हा कॉमर्सवाले तुम्ही योग्य संगतीत आहात.

बाकी वाटा आहेतच. एव्हरेट १९५७ मध्ये म्हणाला दोन्ही घडतं, तुम्हीही दुभंगता. बोमने १९५२ मध्ये कणाला कायम एक जागा दिली आणि लाटेला त्याचा वाटाड्या केलं. १९८६ मध्ये तिघा इटलीवाल्यांनी समीकरणातच आपोआप कोलॅप्स घातला. यातल्या एकालाही मन लागत नाही, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागते, कुठे अगणित जगं, कुठे प्रकाशाला मागे टाकणारा परिणाम, कुठे पदरचा नवा नियम. मला स्वतःला एकही पटत नाही आणि एकही सोडवत नाही.

आता मला जे खरं सांगायचं होतं ते. असले व्हिडिओ हमखास शेवटी वेदांतावर येतात, श्रोडिंजर उपनिषदं वाचायचा वगैरे. वाचायचा, खरं आहे, पण त्याने आपल्या समीकरणातून अद्वैत काढलं नाही आणि अद्वैतातून समीकरणही नाही. आणि ही जोडी लावणाऱ्यांनी अद्वैत तरी नीट वाचावं असं मला फार वाटतं. अद्वैतातला साक्षी काय करतो? काहीच करत नाही. तो अकर्ता आहे, ही त्याची व्याख्याच आहे. दिवा जसा नाटकातल्या राजालाही उजळतो आणि चोरालाही, आणि सगळे निघून गेले तरी तेवतच राहतो, त्या नाटकात त्याचा हात नसतो. आता जी जाणीव बघून कणाची अवस्था बदलते, ती काहीतरी करते आहे. म्हणजे ती कर्ती झाली. म्हणजे ती साक्षी नाही, ती फार तर मन, आणि मन अद्वैतात दृश्याच्याच बाजूला पडतं, टेबल-खुर्चीच्या रांगेत, जरा सूक्ष्म एवढंच. म्हणजे गंमत बघा, ‘जाणिवेने कोलॅप्स होतो’ हे भौतिकीवाल्याला पटत नाही ते नाहीच, पण शांकरमतालाही ते चालू नये.

कोणी म्हणेल दृष्टिसृष्टिवाद आहे की अद्वैतातच, दिसणं हेच असणं म्हणणारा. आहे, आणि तो विग्नरच्या जवळ जातो असं वरवर वाटतं. पण त्या मतात फटी, पडदा, उपकरण, प्रयोग करणारी फोटॉनताई आणि तिचे २००४ सालचे निकाल, सगळं एकाच दृष्टीच्या पोटात. तिथे ‘आधी लाट होती, मी बघितल्यावर कण झाला’ असं म्हणायला ‘आधी’ शिल्लकच राहत नाही. मग प्रयोगाने ते सिद्ध कसं होणार? स्वप्नातल्या तराजूने स्वप्न तोलण्यातली गत.

निवांत_७

पिंपळकाका, पॉपकॉर्न संपला. +१.

फोटॉनवाली

पिंपळकाका, अबोल्याचं उदाहरण चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते. आणि हो, तिथे मी घाईने गेले, मान्य. डिकोहिरन्सने कोलॅप्स ‘सुटला’ असं लॅबमध्येही लोक सर्रास बोलतात आणि ते खरं नाही.

साखळी मनाशी तुटते का हे तपासायचा एक प्रयत्न मात्र खरोखर झालाय, तो इथे सांगितलाच पाहिजे. १९७७ मध्ये अब्नर शिमोनी आणि त्याच्या तीन विद्यार्थ्यांनी छापला. किरणोत्सारी स्रोत, एक काउंटर. काउंटरचा आकडा आधी एक जण बघणार किंवा नाही बघणार आणि थोड्या वेळाने दुसरा तोच आकडा बघून सांगणार की माझ्या आधी कोणी बघितलंय का. म्हणजे कोलॅप्स मनामुळे होत असेल आणि आपण स्वतः घडवलेला कोलॅप्स आतून जाणवत असेल, तर दुसऱ्याला आयता कोलॅप्स झालेला आकडा काहीतरी वेगळा लागावा. निकाल नाणं उडवल्यासारखा. ही ‘जाणवत असेल तर’ची अट फार मोठी आहे, त्यामुळे यातून विग्नर खोटा ठरत नाही, पण विचारायची हिंमत मला आवडते.

संकल्पसिद्धी

साक्षी अकर्ता हा मुद्दा मला माहीत होता पण असा लावून बघितला नव्हता. विचार करतो. मात्र डिलेड चॉइसचं काय? नंतर केलेल्या निवडीने आधी घडलेलं बदलतं, क्वांटम इरेझर. ते तर सिद्ध झालंय ना?

फोटॉनवाली

नाही हो. तो प्रयोग खरा आहे, पण त्यात कच्च्या पडद्यावर पट्टे कधीच दिसत नाहीत. प्रत्येक फोटॉनचा एक जुळा जोडीदार दुसरीकडे मोजतात आणि मग त्या यादीप्रमाणे पडद्यावरचे ठिपके निवडून वेगळे काढले की एका ढिगात पट्टे दिसतात आणि दुसऱ्या ढिगात उलटे पट्टे, जिथे तिकडे उजेड तिथे इकडे अंधार. दोन्ही ढीग एकत्र केले की पुन्हा सपाट. पडद्यावरचा एकही ठिपका नंतरच्या निवडीने हललेला नसतो, तुम्ही गठ्ठे वेगळे लावले एवढंच. माझ्या तारेच्या प्रयोगातही बघा, तिसरी फिल्म ४५ ऐवजी उलट्या बाजूला ४५ फिरवा, उलटे पट्टे येतील. डिलेड चॉइसची कल्पना ज्याची, तो व्हीलर तर मनाचा संबंध जोडणाऱ्यांवर इतका वैतागलेला की १९७९ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञान संघटनेच्या सभेत त्याने परामानसवाल्यांना (मनाच्या अद्भुत शक्तींचा अभ्यास करणाऱ्यांना) संघटनेतून काढा म्हणून जाहीर मागणी केली होती.

रात्रीचा_वाचक

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीनदा वाचलं. साखळीवाला भाग दुसऱ्यांदा कळला आणि तिसऱ्यांदा परत गेला.

रविवारी मामेभाऊ आला होता, त्याला बसवून तो तारेचा प्रयोग केला. जुना कॅल्क्युलेटर सापडला, फिल्म सोलताना अर्धी फाटली पण पुरली. नुसत्या तारेने पट्टे मस्त आले. मग दोन तुकडे लावले तर पट्टे बरेचसे गेले पण पूर्ण नाही, अगदी पुसट राहिलेच. दोघांनी पाठ करून मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं, तरी तेवढेच पुसट. मामेभाऊ म्हणतो पाठ केली तरी शेवटी रेकॉर्डिंग आपणच बघितलं ना, आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही, पिंपळकाकांची शेवटची कडी आठवली. आणि ते उरलेले पुसट पट्टे म्हणे माझ्या मनात शंका होती म्हणून.

फोटॉनताई, ते पुसट पट्टे नक्की कशाने राहिले असतील?

फोटॉनवाली

अक्ष बरोबर ९० अंशात नाहीत. डावा तुकडा तसाच ठेवा आणि उजवा अगदी दोन-चार अंश हळूच फिरवत जा, एका जागी जातील.

आणि मामेभावाला शंका धरून उभं करा, तुम्ही श्रद्धा धरा, मग फिरवा.